खोकडांच्या बेटावर मुक्कामाला जाताना

लॉस एंजेलिसच्या मराठी घरात भारतातून आई-बाबा किंवा मित्रमंडळी आली, की फिरवायची यादी ठरलेली असते. डिस्नेलँड, युनिव्हर्सल स्टुडिओ, हॉलिवूडची पाटी, सुट्टी उरली तर लास व्हेगास आणि तिथून ग्रँड कॅन्यन. चॅनल आयलंड्स राष्ट्रीय उद्यानाचं नाव या यादीत क्वचितच दिसतं. खरं तर शहरापासून व्हेंचुराचं बंदर जेमतेम शंभर-एकशेदहा किलोमीटरवर आणि तिथून बोटीने तास-दीड तासात सांताक्रूझ बेट. हवा स्वच्छ असेल तर हायवे १०१वरून उत्तरेकडे जाताना डाव्या हाताला समुद्रात त्याचे डोंगर दिसतात. रोज ते पाहत कामाला जाणारी आणि तिथे कधीच पाऊल न ठेवलेली माणसं पुष्कळ आहेत.

त्याला कारणही तसंच आहे. बेटावर हॉटेल नाही, दुकान नाही, चहाची टपरी नाही, भाड्याने गाडी-सायकल नाही. फोन लागेल या भरवशावर राहू नये. कचऱ्याचा डबासुद्धा नाही. सह्याद्रीत एखादा किल्ला केला तर पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी सांगता येते, एखाद्या ओसरीवर पथारी टाकता येते. इथे जे लागेल ते आपण न्यायचं आणि जे उरेल ते आपणच परत आणायचं. शिवाय नियमांची यादी लांबलचक. लाकूड आणू नका, पुठ्ठ्याचे खोके आणू नका, कुत्रा आणू नका, शिंपला उचलू नका, सँडविच टेबलावर ठेवून मिनिटभरही उठू नका. पहिल्यांदा वाचताना हे सगळं सरकारी काटेकोरपणाचं वाटतं. पण या बेटांवरच्या बहुतेक नियमांमागे प्रत्यक्ष घडलेली एकेक गोष्ट आहे, आणि ती माहीत असली की सामान बांधताना यादी पाठ करावी लागत नाही.

आधी पत्ता नीट समजून घ्यावा. १९८० मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानात पाच बेटं येतात: अ‍ॅनाकापा, सांताक्रूझ, सांता रोझा, सॅन मिगेल आणि सांता बार्बरा. हॉटेलं, रेस्टॉरंटं आणि पर्यटकांची वर्दळ असलेलं कॅटलिना बेट या उद्यानात नाही. सांताक्रूझ हे कॅलिफोर्नियातलं सर्वांत मोठं बेट, साधारण अडीचशे चौरस किलोमीटरचं. त्यातला पूर्वेकडचा सुमारे चतुर्थांश भाग राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात आहे. बाकीचा नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या मालकीचा असून तिथे मनाला येईल तसं भटकता येत नाही. आणि गाडीतल्या नकाशावर ‘सांताक्रूझ’ असं टाकू नये. त्याच नावाचं शहर उत्तरेला शेकडो किलोमीटरवर आहे. ‘व्हेंचुरा हार्बर’ टाकावं.

उद्यानात शिरायला तिकीट नाही. पैसे लागतात ते बोटीचे आणि मुक्काम असेल तर तंबूच्या जागेचे, आणि ही दोन आरक्षणं वेगवेगळ्या ठिकाणी होतात. नवख्यांची गफलत इथेच होते. तंबूची जागा रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर मिळते, तर बोट उद्यानाने अधिकृत केलेल्या ‘आयलंड पॅकर्स’ कंपनीची असते. आधी बोट पक्की करावी, मग जागा. उलटं केलं तर तंबूची जागा हातात आणि तिथे पोचायला बोट नाही, अशी वेळ येते. वसंतातल्या आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या जागा काही महिने आधीच संपतात. मधल्या वारी जायची सोय असेल तर गर्दीही कमी. तिकीट काढताना उतरण्याचं ठिकाण नीट बघावं, कारण सांताक्रूझवर बोटी दोन ठिकाणी लागतात, स्कॉर्पियन आणि प्रिझनर्स हार्बर. पहिल्या खेपेला स्कॉर्पियनच बरं. मोठं तंबूस्थळ तिथे आहे आणि पिण्याच्या पाण्याचा नळही तिथेच आहे.

व्हेंचुरा आणि बेटाच्या मधली खाडी वाऱ्याची आहे. सकाळी जाताना समुद्र बहुधा शांत असतो, दुपारी परतताना वारा वाढलेला असतो. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघण्याआधीच घ्यावी. पोटात ढवळायला लागल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग नसतो. उपाशीपोटी जाऊ नये, तसं मिसळ चापूनही जाऊ नये. खिशात आलेपाकाच्या दोन-चार वड्या असाव्यात, बोटीच्या मागच्या बाजूला उघड्यावर उभं राहावं, नजर क्षितिजावर ठेवावी आणि फोन बघू नये. तसाही वाटेत फोनकडे बघायला वेळ मिळत नाही. या खाडीत डॉल्फिनचे मोठाले कळप दिसतात आणि ते दिसले की कप्तान बोट हळू करतो. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत करडे देवमासे इथून ये-जा करतात, उन्हाळ्यात हंपबॅक आणि ब्लू व्हेल येतात.

स्कॉर्पियनला उतरल्यावर सामान हातोहात खाली द्यावं लागतं आणि मग ते उचलून तंबूस्थळापर्यंत अर्धा मैल चालायचं असतं. वाट सपाट आहे, पण चाकांच्या बॅगा, मोठा कूलर आणि पिशव्यांचा ढीग घेऊन आलेलं कुटुंब या अर्ध्या मैलातच एकमेकांवर वैतागतं. पाठीवरच्या सॅकमध्ये बसेल तेवढंच न्यावं. तंबूस्थळाच्या खालच्या भागात उंच निलगिरीची सावली आहे, उन्हाळ्यात तिथली जागा मिळाली तर सोडू नये. शेकोटीला बंदी आहे, कोळशालाही. स्वयंपाक फक्त छोट्या गॅस स्टोव्हवर. त्याच्या इंधनाची डबी कपड्यांत गुंडाळून आणू नये. बोटीवर चढताना कर्मचाऱ्यांना दाखवून वेगळी द्यावी.

खाण्याच्या बाबतीत मराठी स्वयंपाकघर या प्रवासाला फार सोयीचं. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळी, दडपे पोह्यांचं कोरडं साहित्य, झटपट उपम्याची पाकिटं हे सगळं बर्फाशिवाय दोन दिवस टिकतं. मुक्काम जितक्या दिवसांचा असेल त्यापेक्षा एका दिवसाचं खाणं जास्त न्यावं, हा सल्ला उद्यानाचे रेंजरही देतात. वारा फिरला की बोट रद्द होते आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो. विशेषतः शरद आणि हिवाळ्यात जमिनीकडून सुटणारे ‘सांता अ‍ॅना’ वारे थेट स्कॉर्पियनच्या धक्क्यावर येतात. सोमवारी सकाळी महत्त्वाची मीटिंग असलेल्या माणसाने रविवारची शेवटची बोट धरायचा बेत करू नये.

आता टेबलावरच्या सँडविचची गोष्ट. प्रत्येक तंबूच्या जागेशी अन्न ठेवायला बंद होणारी पेटी असते. खाण्याचं सगळं, शिवाय टूथपेस्ट आणि वासाचं काहीही, त्या पेटीतच गेलं पाहिजे. कारण इथले डोमकावळे सॅकची चेन उघडतात. हे गमतीने सांगितलेलं नाही. चोचीत चेनचा पट्टा धरून ते ती ओढतात. आणि कावळ्याने अर्धं काम केलं की उरलेलं करायला खोकड हजर असतं.

हे बेटावरचं खोकड आकाराने पाळीव मांजरीएवढं. वजन दोन किलोच्या आसपास, पाठ करडी, कुशी तांबूस आणि स्वभाव निर्धास्त. मुख्य भूमीवरचे त्याचे भाऊबंद रात्री फिरतात, हे भर दुपारी तंबूंमधून चालत जातं. जगात फक्त कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या सहा बेटांवर ते आहे आणि प्रत्येक बेटावरचा उपप्रकार वेगळा. अगदी अलीकडे ते जवळजवळ संपलं होतं.

त्याची सुरुवात एका कीटकनाशकापासून झाली. लॉस एंजेलिसच्या एका कारखान्यातून वर्षानुवर्षं डीडीटी समुद्रात गेलं. ते माशांत उतरलं, माशांतून पक्ष्यांत, आणि पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवतानाच फुटायची. मासे खाणारे, आपल्या हद्दीत दुसऱ्याला फिरकू न देणारे बाल्ड ईगल १९६० च्या सुमारास या बेटांवरून नाहीसे झाले. मोकळ्या झालेल्या आकाशात १९९० च्या दशकात सोनेरी गरुड आले. त्यांच्यासाठी इथे आयती मेजवानी होती, ती रानटी झालेल्या पाळीव डुकरांच्या पिल्लांची. पूर्वीच्या पशुपालकांची ही डुकरं बेटभर पसरली होती. मेंढ्यांनी झुडपं खाऊन जमीन उघडी केलेली, त्यात खोकडाला वरून झडप येईल ही सवयच नाही. १९९४ मध्ये सांताक्रूझवर दीड हजारांच्या आसपास असलेली खोकडं काही वर्षांत शंभराच्या खाली आली. सॅन मिगेल आणि सांता रोझा या दोन बेटांवर तर प्रत्येकी १५ उरली.

मग उलटा प्रवास सुरू झाला. उरलेली खोकडं पकडून बेटांवरच पिंजऱ्यांत त्यांची वीण वाढवली. चाळीसहून जास्त सोनेरी गरुड पकडून कॅलिफोर्नियाच्या ईशान्येला नेऊन सोडले. २००२ पासून बाल्ड ईगलची पिल्लं आणून बेटावर वाढवली. २००६ मध्ये पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यांचं पिल्लू इथे नैसर्गिकरीत्या अंड्यातून बाहेर आलं. पाच हजारांवर डुकरं मारली गेली, आणि त्यावरून वादही झाले. २००४ मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या संघीय यादीत गेलेली या तीन बेटांवरची खोकडं २०१६ मध्ये यादीतून बाहेर पडली. अमेरिकेच्या धोक्यातल्या प्राण्यांविषयीच्या कायद्याखाली इतक्या लवकर सावरलेला दुसरा सस्तन प्राणी नाही. आज सांताक्रूझवर त्यांची संख्या दोन हजारांच्या घरात आहे. काहींच्या गळ्यात रेडिओ पट्टा दिसतो. पुन्हा काही बिघडतंय का याची ती पाळत आहे.

म्हणून त्याला बिस्कीट द्यायचं नाही. पोरं हट्ट करतात, खोकड तर मांडीजवळ येऊन बसतं. पण माणसाच्या हातचं खाऊन सवयीचं झालेलं जनावर पुढे तंबू फाडायला शिकतं. कुत्र्याला बंदी आहे तीही खोकडांसाठीच. शेजारच्या कॅटलिनावर १९९९ च्या सुमारास कॅनाइन डिस्टेम्परची साथ आली आणि तिथली बहुतेक खोकडं त्यात गेली. रोग बाहेरून आलेल्या एखाद्या प्राण्यामार्फत पोचला असावा, असा अंदाज आहे. घरचा कुत्रा कितीही लाडका आणि लस दिलेला असला तरी त्याची सोय व्हेंचुरात लावूनच बोटीत बसावं.

पुठ्ठ्याचे खोके आणि जळाऊ लाकूड का नको, तेही असंच. त्यांच्या खाचांतून मुंग्या, किडे, बुरशी पोचते. अर्जेंटिनी मुंग्या सांताक्रूझच्या काही भागांत अशाच पसरल्या होत्या, त्यांच्यावर मोठी मोहीम काढावी लागली. निघण्याच्या आदल्या रात्री बुटांचे तळवे ब्रशने घासावे, मोज्यांना चिकटलेल्या कुसळ्या काढाव्यात, तंबू झटकून घ्यावा. पाचच मिनिटांचं काम आहे.

स्कॉर्पियनहून फुटणाऱ्या वाटांच्या पाट्यांवर अंतर मैलांत असतं, हे डोक्यात ठेवावं. दिवसाच्या सहलीत बेटावर हाताशी पाचेक तास असतात. त्यात सर्वांना जमणारी वाट म्हणजे कॅव्हर्न पॉइंट. फेरी दोन मैलांची, चढ सुरुवातीचा तेवढाच, आणि वर कड्यावरून मुख्य भूमीपर्यंतची सगळी खाडी दिसते. पुढे कड्याकड्याने गेलं की पोटॅटो हार्बर, जाऊन-येऊन पाच मैल. या पट्ट्याइतकं देखणं दुसरं चालणं बेटावर नाही, निदान वेळेच्या हिशेबात तरी. तिथे पाण्यापर्यंत उतरता मात्र येत नाही. कडे ठिसूळ आहेत. फोटोसाठी कडेला जाणाऱ्याच्या पायाखालची माती सुटते. स्मगलर्स कोव्ह साडेसात मैलांचं, आणि वाटेत सावली जवळजवळ नाहीच. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लावलेली ऑलिव्हची झाडं आहेत आणि गोट्यांचा किनारा. मुक्काम असेल तरच, किंवा पाय चांगले असतील तरच तिथे जावं. मोंतान्योनचा डोंगर आठ मैलांचा. तो राजगड-तोरण्याची सवय असलेल्यांसाठी राखून ठेवावा. माणशी तीन लिटर पाणी नळावरच भरून घ्यावं, पुढे कुठेही मिळत नाही. झुडपांत तीन-तीन पानांचे झुबके दिसले तर हात लावू नये. पॉयझन ओकने आठवडाभर अंग खाजतं. विषारी सापांची मात्र भीती नाही, सांताक्रूझवर रॅटलस्नेक नाहीत.

पक्षी पाहणारे लोक इथे जगभरातून एका निळ्या पक्ष्यासाठी येतात. आयलंड स्क्रब-जे फक्त सांताक्रूझवर आहे, दुसरीकडे कुठेही नाही. मुख्य भूमीवरच्या आपल्या नातलगापेक्षा तो जवळजवळ एक तृतीयांशाने मोठा आणि रंगाने गडद. प्रिझनर्स हार्बरला तो हमखास दिसतो. स्कॉर्पियनच्या घळीत आत शिरून ओकच्या झाडांपाशी शांत थांबलं तर तिथेही. ज्यांना फक्त तोच बघायचाय त्यांनी प्रिझनर्सची दिवसाची बोट घ्यावी.

वाटेत कड्याच्या मातीत शिंपल्यांचे पांढरे थर दिसतात. ते समुद्राने आणलेले नाहीत, माणसांनी खाऊन टाकलेले आहेत. या बेटांवर माणसाचा वावर किमान तेरा हजार वर्षांचा. सांता रोझावर १९५९ मध्ये सापडलेली हाडं उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या मानवी अवशेषांत मोजली जातात. पुढे इथले मूळनिवासी चुमाश लोक सांताक्रूझला लिमुव म्हणत आणि इथल्या छोट्या शंखांचे मणी कातून ते चलन म्हणून मुख्य भूमीवर पाठवत. स्पॅनिश ख्रिस्ती मिशनांच्या काळात, १८२० च्या दशकापर्यंत, त्यांना बेटं सोडावी लागली. २००१ पासून चुमाश मंडळी फळ्या जोडून केलेल्या आपल्या ‘तोमोल’ होडीतून वल्हवत पुन्हा इथे येतात. तेव्हा मुलांच्या खिशात गेलेला शंख कुणाच्या तरी गावातला आहे. बोटीत बसण्याआधी खिसे तपासावेत.

पाण्यात उतरायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत चांगला, तेव्हा पाणी नितळ असतं. गार मात्र बाराही महिने. वेटसूटशिवाय मजा पाच मिनिटांत संपते. स्कॉर्पियनसमोर केल्पचं जंगल आहे, त्यात भडक नारिंगी गॅरिबाल्डी मासे सहज दिसतात. हा पट्टा संरक्षित आहे, मासेमारी चालत नाही. समुद्री गुहांत कयाक न्यायची असेल तर वाटाड्यासोबतच जावं, गुहेत लाट छताला टेकते. रात्रभर बोटीवरच झोपून डायव्हिंग करणाऱ्या सहलीही इथे येतात. २ सप्टेंबर २०१९ ला याच बेटाच्या उत्तर किनाऱ्याजवळ ‘कन्सेप्शन’ या बोटीला पहाटे आग लागून ३४ जण गेले. चौकशीत निघालं की रात्री कुणी गस्तीला जागं नव्हतं. अशा बोटीत जाणाऱ्याने आरक्षणाआधीच विचारावं: रात्री पहारा कोण देतं, आणि झोपायच्या जागेतून बाहेर पडायचा दुसरा मार्ग कुठे आहे?

ऋतूचा हिशेब महाराष्ट्राच्या उलटा. पाऊस हिवाळ्यात, त्यामुळे डोंगर हिरवे दिसतात ते फेब्रुवारी ते एप्रिल. मे-जूनमध्ये धुकं दिवसभर हटत नाही; उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेल्या आई-बाबांना नेमकं तेच मिळतं, तेव्हा त्यांच्यासाठी जाडसर जाकीट घ्यावं. स्कॉर्पियनची घळ सपाट आहे, त्यांना तिथे निवांत फिरता येतं.

अ‍ॅनाकापाला मात्र गुडघ्यांचा विचार करून जावं. धक्क्यापासून वर १५७ पायऱ्या आहेत, पाणी नाही, झाड नाही. एप्रिल ते ऑगस्ट कुरवांची वीण असते. हजारो पक्षी, त्यांची पिल्लं, तो वास आणि तो गोंगाट. डोक्यावर टोपी हवीच. याच बेटावर १९७० मध्ये तपकिरी पेलिकनच्या शेकडो घरट्यांतून एकच पिल्लू वाचलं होतं; इथेही कारण डीडीटीच. आज त्यांच्या रांगा बोटीवरून जातात. सांता रोझा तीन तासांवर, तिथे सोसाट्याचा वारा. वादळात धक्के मोडतात आणि एखादं बेट काही काळ बंद राहतं, त्यामुळे निघण्याआधी उद्यानाच्या पानावर चालू स्थिती बघावी. सॅन मिगेल सर्वांत दूर. तिथे उतरायला परवाना लागतो, जबाबदारी आपली असं लिहून द्यावं लागतं आणि आत फिरायचं तर रेंजरसोबत, आखलेल्या वाटेवरूनच. अमेरिकी नौदलाने एके काळी त्या बेटावर बॉम्बफेकीचा सराव केला होता, आणि न फुटलेले काही बॉम्ब अजून वाळूत आहेत.